पाण्यात किती, काठावर किती?



मी निवृत्त कर्नल. सॅपर, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर शाखेतला. पुण्याजवळ खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे, तिथं माझी सुरुवात झाली. बत्तीस वर्षं नोकरी केली आणि आता सिकंदराबादला स्थायिक आहे. घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि दखनी, जुने सोबती भेटले की फौजी हिंदी. त्यामुळे बोलताना एखादा शब्द इकडचा तिकडचा झाला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय जरा वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय ओपन वॉटर फिनस्विमिंग स्पर्धेचं यजमानपद. म्हणजे तलावात नाहीतर समुद्रात, पायाला फिन बांधून पोहण्याची शर्यत, आणि ती आपल्या गावात भरवणं. तुम्ही म्हणाल, आम्हाला याचा काय उपयोग? पण तुमच्यापैकी कुणी मॅरेथॉन भरवत असेल, कुणी शाळेची सहल नेत असेल, कुणी गणपती विसर्जनाच्या घाटावर उभं राहत असेल. मी सांगणार आहे ते त्या सगळ्यांना लागू आहे.

यजमानपद म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? देशोदेशींचे झेंडे, बॅनर, उद्घाटन, ड्रोनचं चित्रण. मला आता फक्त एक प्रश्न दिसतो. या क्षणी पाण्यात किती माणसं आहेत आणि काठावर किती? याचं उत्तर ज्याला देता येतं तो यजमान. बाकीचे सगळे मांडववाले.

हे मी शिकलो कुठं, ते आधी सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नवा नवा कॅप्टन होतो. रात्रीच्या वेळी नदी ओलांडण्याचा सराव चालू होता. आमच्या असॉल्ट बोटी, म्हणजे जवान हातानं वल्हवतात त्या सपाट तळाच्या नावा. पलीकडे उतरलो, अंधारात सगळे ओळीत उभे राहिले. मी एक नजर फिरवली आणि वायरलेसवर कळवलं, "सगळे आले." आमच्यात एक हवालदार होते, साताऱ्याकडचे. त्यांनी माझं बोलणं ऐकलं आणि काही न बोलता ओळीच्या एका टोकापासून चालत निघाले. प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवत मोजत गेले. परत येऊन म्हणाले, "साहेब, एक कमी."

तो जवान वीस मिनिटांनी सापडला. बोटीतून उतरताना पाय घसरला होता. प्रवाहानं त्याला खाली ओढलं होतं आणि तो काठच्या बाभळीची फांदी धरून गळाभर पाण्यात उभा होता. ओरडून ओरडून आवाज बसला होता. जिवंत होता, एवढंच. परतताना हवालदार मला म्हणाले, "साहेब, माणसं नजरेनं मोजायची नसतात. हात लावून मोजायची."

मी त्यांचा वरिष्ठ होतो. पण त्या रात्री वरिष्ठ कोण, ते मला नीट कळलं.

आता फिनस्विमिंगकडे येऊ. हा खेळ बऱ्याच जणांनी पाहिलेला नसतो. फिन म्हणजे पाणबुडे पायात घालतात ते रबरी पंजे. लुई द कोर्लिए नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यानं १९३३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धात नौदलांच्या पाणबुड्या सैनिकांनी फिन वापरले. युद्ध संपलं, फिन राहिले आणि त्यांचा खेळ झाला. पाण्याखालच्या खेळांची आंतरराष्ट्रीय संघटना, जिला सीमास म्हणतात, ती १९५९ ची. तिचे पहिले अध्यक्ष होते झाक कुस्तो, समुद्राखालच्या चित्रपटांमुळे जगाला माहीत असलेले. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत संघात मोनोफिन आला. दोन्ही पाय एकाच रुंद पात्यात बांधायचे, अगदी माशाच्या शेपटीसारखे. पातं फायबर ग्लासचं किंवा कार्बनचं, जास्तीत जास्त ७६ सेंटिमीटर रुंद. दोन पायांत दोन वेगळे फिन घालून पोहण्याचे प्रकारही आहेत, त्याला बाय-फिन म्हणतात. हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही, पण १९८१ च्या पहिल्या वर्ल्ड गेम्सपासून तिथं आहे.

वेग किती? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या पान झानलेनं शंभर मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला. तेच अंतर अव्वल मोनोफिनवाले पस्तीस सेकंदांच्या आत कापतात.  उघड्या पाण्यात बऱ्याच शर्यती एक किलोमीटरपासून सहा किलोमीटरपर्यंतच्या असतात. सहा किलोमीटर चांगला खेळाडू साधारण तासाभरात संपवतो.

निवृत्तीनंतर इथल्या एका जलक्रीडा क्लबनं मला बोलावलं. "कर्नलसाब, पाण्याचं तुम्हाला कळतं, मुलांकडे बघा." मी गेलो. पहिल्याच दिवशी काठावर उभं राहून पाहताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली, आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. ती तुम्हाला समजावून सांगतो.

साधा पोहणारा संकटात आला की काय होतं? त्याचं पोहणं मोडतं. हात फिरायचे थांबतात, डोकं मागे जातं, तो उभा होतो, तोंड वर काढायला धडपडतो. काठावरच्या जाणत्या माणसाला फरक दिसतो. मोनोफिनवाल्या खेळाडूचे दोन्ही हात पुढे ताणलेले, एकावर एक ठेवलेले असतात. तोंड पूर्ण वेळ पाण्यात. कपाळासमोरून एक नळी वर जाते, तिच्यातून तो श्वास घेतो. म्हणजे उत्तम चाललेला खेळाडू कसा दिसतो? पालथा, हात पुढे, तोंड पाण्यात. आणि शुद्ध हरपलेला खेळाडू? तोही पालथा, तोंड पाण्यात.

लांबून दोघांत फरक एकच. एक हलतोय, दुसरा हलत नाही. लाटा असतील, ऊन पाण्यावर चमकत असेल, तर तेवढाही दिसत नाही.

दुसरी अडचण पायांची. मोनोफिनमध्ये पाय बांधलेले असतात. पोटरीत गोळा आला तर एक पाय झटकून दुसऱ्यावर भागवता येत नाही. फिनचा पायमोजासारखा भाग इतका घट्ट असतो की घालताना साबणाचं पाणी लावावं लागतं. पाण्यात एकट्यानं काढणं फार कठीण. आणि काठावर पोहोचला तरी चालता येत नाही, घसटत यावं लागतं. तिसरी गोष्ट, त्या पात्याची कड. सुरुवातीला पन्नास जण एकदम सुटले आणि पुढच्याचं पातं मागच्याच्या तोंडावर बसलं, तर मागच्याची नळी सुटते, कधी शुद्धही. म्हणून मोनोफिनवाले आणि बाय-फिनवाले एकत्र सोडू नयेत.

एवढं झाल्यावर फुजैराची गोष्ट सांगतो. ही फिनस्विमिंगची नाही, साध्या लांब पल्ल्याच्या पोहण्याची आहे, पण प्रत्येक यजमानानं ती पाठ करून ठेवावी.

२३ ऑक्टोबर २०१०. संयुक्त अरब अमिरातीतलं फुजैरा. दहा किलोमीटरची विश्वचषक शर्यत. फ्रॅन क्रिपेन नावाचा सव्वीस वर्षांचा अमेरिकन जलतरणपटू. आदल्याच वर्षी रोमच्या जागतिक स्पर्धेत याच अंतराचं कांस्यपदक घेतलेलं. म्हणजे नवखा नव्हता, जगातल्या सर्वोत्तम काहींपैकी एक होता. पाणी फार गरम होतं, इतर काही खेळाडूंनाही त्या दिवशी त्रास झाला. शर्यत संपली. तो आला नाही, हे आधी त्याच्या सोबतच्या खेळाडूंच्या ध्यानात आलं. दमलेली मुलं परत पाण्यात शिरली त्याला शोधायला. सुमारे दोन तासांनी पाणबुड्यांना त्याचा देह सापडला, शेवटच्या टप्प्यात.

विचार करा. आंतरराष्ट्रीय स्पर्धा, अधिकारी, घड्याळं, पदकं, सगळं होतं. एक माणूस नाहीसा झाला तो क्षण कुणीही पाहिला नाही. त्यानंतर जागतिक संघटनेनं नियम बदलले. तोवर पाणी किती थंड चालेल याचीच मर्यादा होती, १६ अंश. आता किती गरम चालेल याचीही आहे, ३१ अंश. तापमान शर्यतीच्या दिवशी, दोन तास आधी, मार्गाच्या मध्यावर, ४० सेंटिमीटर खोलीवर मोजायचं. काठावर पायरीशी बसून थर्मामीटर बुडवायचा नाही. आपल्या देशात एप्रिल-मे महिन्यात उथळ जलाशयाचं पाणी दुपारी किती तापतं, ते प्रत्येकानं पायानं अनुभवलेलं आहे.

हे सगळं मला माहीत होतं. मी क्लबमध्ये दोन वेळा सांगितलंही होतं. तरी माझ्याच हातून काय झालं ते आता सांगतो. ते सांगण्यासाठीच मी आज इथं आलो आहे.

आमच्या संयोजन समितीला एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेची संधी मिळाली. जलाशय शहराबाहेरचा. कुठला, कुठल्या वर्षी, हे मुद्दाम सांगत नाही, कारण त्यात माझ्याखेरीज कुणाचाही दोष नाही. मी सुरक्षा अधिकारी. मुख्य स्पर्धेच्या सहा आठवडे आधी आम्ही एक चाचणी शर्यत घेतली. त्रेचाळीस मुलं-मुली, तीन किलोमीटर. एका काठावरून सुटायचं, लांबच्या बोयाला वळसा घालायचा आणि परत यायचं.

शर्यत सुटली, आणि तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. उशिरा आले होते, त्यामुळे सत्कार शर्यत चालू असतानाच घ्यायचं ठरलं. माझंही नाव पुकारलं. मी काठ सोडून मंचावर गेलो. मोजणी दोन स्वयंसेवकांवर सोपवली, चांगली कॉलेजची मुलं होती. त्यांना कागद दिला होता, कसं मोजायचं ते सांगितलं नव्हतं.

मुलं परत यायला लागली. टाळ्या, फोटो, टॉवेल, ग्लुकोज. मी मंचावर होतो. खांद्यावर शाल, हातात नारळ. तेवढ्यात मंचाच्या पायऱ्यांशी एक बाई आली. साधी बाई, जिल्ह्याच्या गावाहून आलेली, हातात निळा टॉवेल धरून. तिनं मला तेलुगूत विचारलं, "सार, माझा मुलगा कुठं आहे?"

मी म्हणालो, येईल, मागे असेल. ती म्हणाली, त्याच्या मागचे आले.

मी स्वयंसेवकांकडे पाहिलं. एकाच्या कागदावर बेचाळीस खुणा होत्या, दुसऱ्याच्या त्रेचाळीस. मी शाल खांद्यावरून कधी काढली ते मला आठवत नाही. नारळ मात्र हातात होता, तो घेऊनच मी पाण्याकडे धावलो. चार नावा होत्या आमच्या. त्यातल्या दोन, शर्यत संपली असं समजून, बोया गोळा करायला लागल्या होत्या.

सतरा मिनिटं. शिट्ट्या, हाका, दुर्बीण. त्या सतरा मिनिटांत ती बाई माझ्या शेजारी उभी होती. रडली नाही, ओरडली नाही. फक्त टॉवेलची घडी करायची, मोडायची, परत करायची. मी तिच्याकडे पाहू शकत नव्हतो.

मग पलीकडच्या काठाच्या झुडपांतून तो आला. पंधरा वर्षांचा पोरगा. अनवाणी, पायाला खरचटलेलं, बगलेत मोनोफिन. वळसा घालण्याआधीच पोटरीत गोळा आला, जवळचा काठ गाठला, फिन काढायला बराच वेळ गेला. शर्यत सोडली म्हणून लाजला आणि कुणाला हाक न मारता काठाकाठानं चालत आला. त्याच्या हिशेबी त्यानं काहीच चुकीचं केलं नव्हतं. आईनं त्याच्या अंगाभोवती टॉवेल गुंडाळला आणि मला नमस्कार केला. मला. आभार मानले तिनं माझे.

लोक म्हणाले, चला, देवाची कृपा, सगळं ठीक झालं. मी म्हणालो, काहीही ठीक झालं नाही. तो मुलगा काठावर होता हा योगायोग आहे. तो पाण्यात तळाशी असता तरी आपल्याला त्याच वेळी कळलं असतं, त्याच्या आईनं विचारल्यावर. श्वास बंद पडल्यावर मेंदूला चार ते सहा मिनिटं मिळतात. आपल्याला नुसतं कळायलाच त्याच्या कितीतरी पट वेळ लागला.

पुढच्या आठवड्यात समितीची बैठक झाली. सुरक्षा प्रमाणपत्रावर माझी सही हवी होती. मी सही केली नाही. मी म्हणालो, अशी स्पर्धा मी परदेशी मुलांना घेऊन करणार नाही, आणि आपल्याही मुलांना घेऊन करणार नाही. वातावरण तापलं. पत्रिका छापल्या होत्या, विमानाची तिकिटं काढली होती, प्रायोजकांना शब्द दिला होता. एक जण म्हणाला, "कर्नलसाब, तुम्ही घाबरलात." मी म्हणालो, "हो, घाबरलो. आता तुम्हीही घाबरा, मग आपण काम करू."

त्या सहा आठवड्यांत आम्ही काय बदललं ते सांगतो. यातलं काहीच फार खर्चाचं नाही.

पहिलं, मार्ग. समितीला एकच लांब, देखणा मार्ग हवा होता. धरणाच्या भिंतीपासून देवळाच्या घाटापर्यंत, ड्रोनमधून छान दिसणारा. मी एक किलोमीटरचा त्रिकोण मागितला. सहा किलोमीटरसाठी सहा फेऱ्या. बघणाऱ्याला जरा कंटाळवाणं, पण प्रत्येक खेळाडू दर दहा-बारा मिनिटांनी मोजणाऱ्यांच्या नाकासमोरून जातो. शिवाय त्रिकोणाचा कुठलाही कोपरा काठापासून लांब राहत नाही.

पण दहा-बारा मिनिटंही जास्तच. म्हणून दुसरं, विभाग. पोहण्याच्या तलावावरच्या जीवरक्षकांना शिकवतात, दहा सेकंदांत आपला भाग नजरेखालून घाला आणि वीस सेकंदांत पोहोचा. उघड्या पाण्यात ते तंतोतंत जमत नाही, पण तत्त्व तेच. त्रिकोणाचे आम्ही बारा तुकडे केले. प्रत्येक तुकड्याला एक कयाक आणि एक माणूस. त्यानं शर्यत बघायची नाही, कोण पहिला याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यानं फक्त पाती बघायची. पातं हलतंय? हलतंय. तीन सेकंद हललं नाही की आधी हाक, मग वल्हं, विचार नंतर. अर्ध्या-अर्ध्या तासानं माणूस बदलायचा, कारण नजर थकते. आणि मोटरबोट खेळाडूंच्या मार्गाबाहेर, कारण पाण्यालगत जाणारं डोकं बोट चालवणाऱ्याला दिसत नाही.

तिसरं, बिल्ले. कोळशाच्या खाणीत कामगार खाली उतरताना टोकन घेतो आणि वर आल्यावर परत करतो. ज्याचं टोकन परत आलं नाही तो खाली आहे. आम्ही तेच केलं. एक लाकडी फळी, तिच्यावर खिळे, प्रत्येक खिळ्यावर क्रमांकाचा बिल्ला. पाण्यात जाताना खेळाडूनं आपला बिल्ला स्वतः काढून मोजणाऱ्याच्या हातात द्यायचा. बाहेर आल्यावर स्वतः हातात घेऊन खिळ्याला लावायचा. शर्यत पूर्ण केलेली असो की सोडलेली, जिंकलेला असो की शेवटचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस पाण्यात. घोट्याला बांधायच्या इलेक्ट्रॉनिक चिप होत्याच, पण चिप वेळ सांगते. चिप बांधलेला माणूस कुठं आहे, ते ती सांगत नाही. शेवटचा खिळा भरेपर्यंत एकही नाव, एकही कयाक जागचं हलणार नाही, आणि मंचावर माइक सुरू होणार नाही.

चौथं, मच्छीमार. त्या पाण्याची खरी माहिती त्यांना. तळाशी बुडालेली झाडं कुठं, उथळ कुठं, वारा दुपारी कुठून उठतो. आणि मुख्य म्हणजे जाळी. जलाशयात ठिकठिकाणी उभी जाळी लावलेली असतात, ती वरून दिसत नाहीत. मोनोफिन त्यात अडकलं तर संपलंच. आम्ही आधी त्यांना पत्र पाठवलं होतं, इंग्रजीत! मग मी स्वतः गेलो, त्यांच्याबरोबर चहा प्यायलो. चार दिवस जाळी काढायची आणि त्या दिवसांची मजुरी समितीनं द्यायची, असं ठरलं. त्यांच्या गोल टोपलीसारख्या नावा असतात, त्याला इकडे पुट्टी म्हणतात. त्यातले सहा जण पुट्ट्या घेऊन आमच्या विभागांत उभे राहिले. पाण्याकडे नुसतं बघत बसायची सवय त्यांच्याइतकी कुणालाच नव्हती.

पाचवं, पाणी. आमच्याकडे हैदराबादला हुसेनसागरात शिडाच्या नावांच्या मोठ्या शर्यती होतात, सैन्याचाही त्यात पुढाकार असतो. पण नाव पाण्याला टेकते आणि पोहणारा पाणी पितो. २०२४ मध्ये पॅरिसला सेन नदीचं पाणी ठीक नाही म्हणून पुरुषांची ट्रायथलॉन शर्यत ३० जुलैची ३१ ला ढकलली. ऑलिंपिकवाले थांबतात, तर आपण कोण? आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं अंघोळीच्या पाण्यासाठी निकष ठरवून दिले आहेत. शंभर मिलिलिटरमध्ये विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू ५०० पर्यंत असावेत, २५०० च्या वर तर नाहीच. नमुना एकदा घेऊन भागत नाही, पाऊस पडला की आकडा बदलतो. आम्ही तीन वेळा, तीन जागांवरून घेतला आणि अहवाल सगळ्या संघांच्या प्रशिक्षकांना जसाच्या तसा दिला.

सहावं, वाट. चाचणीच्या दिवशी रुग्णवाहिका होती. पण तिच्यापुढे पाहुण्यांच्या गाड्या लावलेल्या होत्या. या वेळी काठापासून रस्त्यापर्यंत दोरी बांधून वाट मोकळी ठेवली. तिच्यावर स्ट्रेचर घेऊन धावायचा सराव केला, तीन वेळा, घड्याळ लावून. डॉक्टर आणि प्राणवायूचा सिलिंडर तंबूत नको, पाण्याच्या कडेला.

मग मुख्य स्पर्धेचा दिवस आला. सकाळी धुकं. पहिला बोया दिसेना. सुरुवात साडेसहाची होती. मी म्हणालो, तिन्ही बोया उघड्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय सुटायचं नाही. साडेसहा, सात, सव्वासात. मंचावर कुजबुज, फोन. एका परदेशी संघाचा म्हातारा प्रशिक्षक माझ्याकडे आला. मला वाटलं, आता हाही तक्रार करणार. तो म्हणाला, "जिथं मला थांबायला लावतात, तिथं मी माझी मुलं बिनधास्त पाठवतो." पावणेआठला धुकं उठलं आणि आम्ही शिट्टी दिली.

चौथ्या फेरीत सातव्या विभागातल्या मच्छीमारानं हात वर केला. एक मुलगी, पातं थांबलेलं. आम्ही काठावरून काही ओळखायच्या आत त्याची पुट्टी तिच्यापाशी होती. नळीत पाणी गेलं होतं, ठसका लागला होता, घाबरली होती. त्यानं तिला पुट्टीच्या कडेला धरून ठेवलं, कयाकवाल्यानं काठावर आणलं. डॉक्टरनं तपासलं. थरथरत होती, पण आमच्या मोजणीवाल्या मुलीनं तिच्या हातात आधी बिल्ला दिला. तिनं तो स्वतःच्या हातानं खिळ्याला लावला, मग घोंगडीत बसली.

दुपारी वारा वाढला. रिलेची शर्यत आम्ही रद्द केली. ज्यांच्या हस्ते ती सुटायची होती ते नाराज होऊन गेले. जाऊ देत.

शेवटी मी फळीसमोर उभा राहिलो. अडुसष्ट खिळे, अडुसष्ट बिल्ले. मी त्यांच्यावरून एकेक बोट फिरवत गेलो. नजरेनं दिसत होतं की फळी भरलेली आहे, तरी हात लावून मोजलं. मागून कुणीतरी विचारलं, "काय बघताय सर?" मी म्हणालो, निकाल बघतोय.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पदकं आली, वेळा आल्या, पाहुण्यांची नावं आली. अडुसष्ट गेले आणि अडुसष्ट आले, हे कुठंच आलं नाही. येणारही नाही. सगळे सुखरूप आले ही बातमी होत नसते.

आपल्याकडे लग्नात यजमान शेवटच्या पंगतीला बसतो. सगळे पाहुणे जेवले की नाही हे तो स्वतः फिरून बघतो, मग पाटावर बसतो. माझ्या आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं, तिला ते ठाऊक होतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धा असो की सोसायटीची सहल, यजमानपदाचा अर्थ मला याहून वेगळा सापडलेला नाही. शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत शाल घ्यायची नाही, नारळ घ्यायचा नाही.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं. यापुढे तुम्ही कुठल्याही कार्यक्रमाच्या समितीत असाल, पाण्याच्या, डोंगराच्या, रस्त्याच्या, तर पहिल्या बैठकीत उभं राहून विचारा, "किती गेले आणि किती आले, हे कोण मोजणार? कसं मोजणार?" एका माणसाचं नाव मिळालं पाहिजे. "सगळे मिळून बघू" असं उत्तर आलं, तर समजा, कुणीही बघणार नाही.

तो पंधरा वर्षांचा मुलगा त्या स्पर्धेत खेळला. मधल्या फळीत आला, पदक नाही मिळालं. त्याची आई परत आली होती, तोच निळा टॉवेल घेऊन. बिल्ला खिळ्याला लावून तो तिच्याकडे गेला. या वेळी तिला मला काही विचारावं लागलं नाही.

ते साताऱ्याचे हवालदार आज हयात नाहीत. असते तर मी त्यांना ती फळी दाखवली असती.